सगळी भुतं कोकणातच कामून? वाचकांचे सवाल, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं, की प्रेम, अद्भुत, रहस्य आणि भय ह्या चार प्रकारच्या कादंबऱ्यांपैकी तुम्ही काय वाचता आणि त्याबद्दल तुमचं मत काय. पत्रं आली, मेसेज आले, व्हॉइस नोट आल्या, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून आल्या. त्यातली पाच इथं घेतलीत. लांब होती ती थोडी कापली, भाषेला हात लावला नाही.

सवाल : ताई नमस्कार. मी परभणीला बँकेत आहे, पन्नाशी ओलांडली. माझी मतं पक्की आहेत ती सांगतो. रहस्यकथा एक नंबर, कारण त्यात डोकं लागतं. भयकथा दोन नंबर, पण फक्त निम्म्यापर्यंत, भूत एकदा समोर आलं की माझी भीती संपते, मग नुसती पळापळ आणि आरडाओरडा. अद्भुत मला झेपत नाही, ड्रॅगन, जादूगार, तलवारी, सगळं विलायती, आपल्याकडं असलं काही नव्हतंच. आणि रोमान्स तर मी वाचतच नाही, पहिल्या पानावर कळतंय की शेवटी लग्न होणार, मग मधली तीनशे पानं कशाला वाचायची? आमच्या वाचनालयात एक रिटायर्ड सर येतात, ते म्हणतात हे चारी प्रकार म्हणजे टाइमपास, याला साहित्य म्हणत नाहीत. त्यांना काय उत्तर द्यावं?

उत्तर : दादा, सरांना एकदा पैठणला घेऊन जा. खरंच सांगते. गोदावरीच्या काठावर बसवा आणि गुणाढ्याची गोष्ट सांगा. पैठण म्हणजे तेव्हाचं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी, आणि त्या दरबारातला हा पंडित. त्यानं पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत बृहत्कथा लिहिली. दंतकथा अशी की सात लाख श्लोक, रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं लिहिलेले, आणि राजानं ते हिणवून परत पाठवले, कारण काय तर भाषा पिशाचांची. मग गुणाढ्यानं डोंगरावर अग्नी पेटवला आणि एकेक पान प्राण्यापक्ष्यांना वाचून दाखवायचा अन् आगीत टाकायचा. जनावरं चरायचं सोडून डोळ्यातून पाणी काढत ऐकत उभी. इकडं राजाच्या ताटात येणारं मांस सुकं यायला लागलं, चौकशी झाली, शिकारी म्हणाले रानातली जनावरं खातच नाहीत, कुणीतरी गोष्टी सांगतोय. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख उरले.

मूळ ग्रंथ आज नाही. पण काश्मीरच्या सोमदेवानं ११ व्या शतकात त्यावरून संस्कृतात कथासरित्सागर केला, आणि त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. त्या गुणाढ्याच्याच का नंतर घातलेल्या यावर अभ्यासकांचं एकमत नाही, ते असू द्या, पण त्यांची बांधणी बघा तुम्ही. बाहेरची चौकट भयाची: मध्यरात्र, मसणवाटा, झाडाला लटकलेलं प्रेत, ते राजाच्या खांद्यावर. आतली गोष्ट कितीदा तरी प्रेमाची, एका पोरीसाठी तिघं झुरायलेत अशी. त्यात मेलेला माणूस मंत्रानं उठतो, म्हणजे अद्भुत. आणि शेवटी वेताळाचं कोडं, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं, आणि बोललास तर मी परत झाडावर. चारी प्रकार एकाच गोष्टीत. आता सरांना विचारा, याला टाइमपास म्हणायचं का? आत काय आहे ते न बघता पुस्तक परत पाठवायचं हे गुणाढ्याच्या राजानंही केलं होतं.

आता तुमच्या मतांकडं येते. अद्भुत आपल्याकडं नव्हतंच हे तुमचं मत तर वरच निकालात निघालं. ड्रॅगन विलायती आहे, मान्य, पण जादू विलायती नाही. अद्भुत कादंबरीत मी एकच गोष्ट बघते, जादूची किंमत कुणी मोजली. वेताळ राजाला मदत करतो ती फुकट नाही, त्यासाठी राजानं आख्खी रात्र प्रेत वाहिलंय, पुन्हा पुन्हा वाहिलंय. जिथं नायकाच्या हातात काठी येते आणि लगेच सगळं जमतं, तिथं मी पुस्तक मिटते. नव्या मराठी अद्भुत कादंबऱ्यांत हे फार व्हायलंय, नावं संस्कृत, दागिने दक्षिणेतले, आणि आतली जादू मात्र मोबाईल गेमसारखी, लेव्हल वाढली की ताकद वाढली.

भयकथेबद्दल तुम्ही अगदी बरोबर बोललात. अ‍ॅन रॅडक्लिफ म्हणून इंग्रज लेखिका होती, १८ व्या शतकाच्या शेवटी तिच्या भयकादंबऱ्या लई गाजल्या, तिचा एक निबंध तिच्या मरणानंतर १८२६ मध्ये छापून आला, त्यात तिनं हेच मांडलंय की जे अजून दिसलं नाही त्याची भीती माणसाचं मन मोठं करते, सगळी इंद्रियं जागी करते, आणि जे भयानक थेट डोळ्यासमोर ठेवलं त्यानं मन आकसून थिजून जातं. म्हणून निम्म्यानंतर तुमची भीती संपते त्यात तुमचं काही चुकत नाही. लेखकानं भूत लवकर दाखवलं.

रोमान्सचं मात्र मी ऐकून घेणार नाही. शेवटी लग्न होणार हे माहीत असतं म्हणता, मग रहस्यकथेत शेवटी खुनी सापडणार हे माहीत नसतं का? तिथं तुम्ही तीनशे पानं बसताच की. दोन्हीकडं काय होणार हा प्रश्नच नसतो, कसं होणार हा असतो. आणि प्रेमात न बोललेलं किती महत्त्वाचं असतं ते बघायचं तर परत पैठणलाच यावं लागतं. हाल नावाच्या सातवाहन राजाची गाथासप्तशती, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, शेतातल्या, नदीकाठच्या, साध्या बायामाणसांच्या. त्यातली एक गाथा अशी, की एक बाई एका धार्मिक माणसाला म्हणते, बाबा आता खुशाल हिंडा इकडं, ते कुत्रं होतं ना, त्याला आजच गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं मारलं. बस. एवढीच गाथा. ती "इकडं येऊ नका" म्हणत नाही, उलट या म्हणते. पण तो माणूस फुलं तोडायला रोज यायचा आणि तीच झाडी तिची प्रियकराला भेटायची जागा होती, आता सिंहाचं नाव ऐकल्यावर तो कशाला येतोय. प्रियकराचं नावसुद्धा नाही त्या गाथेत. संस्कृतातले मोठमोठे साहित्यशास्त्री ही गाथा शतकानुशतकं उदाहरण म्हणून देत आले, सरांना हेही सांगा. तुम्ही एक प्रेमकादंबरी अशी शोधा की ज्यात नायक-नायिका "माझं प्रेम आहे" हे वाक्य शक्य तितकं लांबवतात, आणि लांबवायला खरं कारण आहे, उगं गैरसमज नाही. फोन उचलला असता तर दोन मिनिटांत मिटला असता असा गैरसमज घेऊन जी कादंबरी चालते ती तुम्ही वाचू नका, मीही वाचत नाही.

सवाल : ताई, मी उदगीरची, बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला भयकादंबऱ्या लई आवडतात. पण एक राग आहे. सगळे लेखक आपली भुतं कोकणातच पाठवायलेत. वाडा कोकणात, पाऊस कोकणात, माडाच्या बागा, समुद्राचा आवाज, म्हातारी आजी मालवणी बोलणार. आमच्याकडं काय भीती वाटत नाही का लोकांना? सगळी भुतं कोकणातच कामून?

उत्तर : हा सवाल वाचून मला इतका आनंद झाला की सगळ्यात आधी हेच उत्तर लिहायला घेतलं होतं.

कारणं सरळ आहेत. मराठी भयकथा जिथं छापली गेली ती पुण्या-मुंबईत, आणि तिथल्या लेखक-वाचकांपैकी कितीतरी जणांचं गाव कोकणात. सुट्टीला गेलं की लांब लांब घरं, दाट झाडी, चार महिने पाऊस, विजेचा पत्ता नाही. शिवाय तिथं भुतांची यादी तयारच, देवचार, राखणदार, खवीस, मुंजा, हडळ, प्रत्येकाची जागा ठरलेली, वागणूक ठरलेली. लेखकाला निम्मं काम झालेलं मिळतं. आपल्याकडं झाडी नाही, पाऊस नाही, माळरान आहे, नजर जाईल तिथवर सगळं उघडं. लपायला जागा नाही म्हणून लेखकाला वाटतं भूत कुठं ठेवायचं.

पण उघड्यावरची भीती वेगळी असते ना. आपल्याकडं भीतीची वेळ रात्रीचे बारा तेवढीच नाही, भर दुपारचे बारासुद्धा आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात घराघरात आया सांगतात, बाराच्या टायमाला विहिरीकडं जाऊ नको, मसणवाट्याच्या रस्त्यानं येऊ नको. विहिरीत साती आसरा, पाण्यातल्या सात बाया, असतात म्हणतात. आता विचार कर, सगळीकडं लख्ख ऊन, बांधावर एकसुद्धा माणूस नाही, पाखरू नाही, आणि पार लांब माळावर एक बाई उभी आहे, ती चालत नाही, पण दर वेळी बघितलं की थोडी जवळ आहे. अंधार नको, पाऊस नको, काही नको. ही भीती कोकणात जमतच नाही, तिथं मधे झाड येतं.

आणि घरं? माळवदाची घरं बघितलीस ना, मातीचं सपाट छत, आणि त्याला उजेडासाठी, धुरासाठी ठेवलेलं भोक. रात्री खाली अंथरुणावर पडलं की त्या भोकातून चार-दोन चांदण्या दिसतात. पोरगी रोज त्या बघत झोपते, असं लेखकानं पहिल्या प्रकरणात नुसतं सांगून ठेवायचं, जोर द्यायचा नाही. मग मधे कधीतरी एका रात्री ती बघते तर चांदण्या नाहीत. तिला वाटतं आभाळ आलं असंल. उठून अंगणात येते तर आभाळ स्वच्छ, चांदणं टिपूर पडलेलं. परत आत यायचंय तिला, आई आतच झोपलीय. मला तर हे लिहितानाच अंगावर काटा आला.

जागांना काय तोटा आहे! देवगिरीच्या किल्ल्यावर अंधारी आहे, डोंगराच्या पोटातून वळत वर जाणारा काळोखा रस्ता, शत्रू आत आला की दिसूच नये म्हणून मुद्दाम केलेला. तुझ्या उदगीरला किल्ला आहे, कंधारला आहे, परांड्याला आहे, औशाला आहे. गावोगाव पडक्या गढ्या आहेत, बारवा आहेत, पायऱ्या खाली खाली जातात आणि दुष्काळात पाणी आटलं की एरवी न दिसणाऱ्या पायऱ्या उघड्या पडतात. एवढ्या एका गोष्टीवर कादंबरी होते, की यंदा पाणी इतकं खाली गेलं की कुणी कधीच न बघितलेली पायरी दिसली, आणि त्यावर ओलं पाऊल आहे.

एक मात्र पोटातून सांगते. भानामती, करणी असलं काही घेऊन लिहायला बसशील तर जपून. भानामतीपायी आपल्या मराठवाड्यात बायांचे लई हाल झालेत, एखाद्या एकट्या विधवेवर आळ घ्यायचा आणि गावानं तिच्या दारात जमायचं. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला. तरी कितीतरी भयकथांत अजून तीच एकटी म्हातारी चेटकीण निघते, म्हणजे गाव बरोबर होतं असं कादंबरीच सांगते. मला हे अजिबात पटत नाही. तिच्या घराच्या आतून लिही. बाहेर कंदील घेऊन माणसं जमायलीत, ओळखीचे आवाज आहेत, त्यात तिनं अंगाखांद्यावर खेळवलेली पोरंपण आहेत. यापेक्षा भीतीदायक भूत कुठून आणायचं?

तू लिहितेस का? पत्रावरून वाटतंय लिहीत असशील. पाठव.

सवाल : नमस्कार. मी नांदेडला राहतो, नारायण धारपांचा भक्त म्हणा. शाळेपासून त्यांच्या भयकथा वाचतोय. मागच्या वर्षी पुतण्यानं सांगितलं की काका, तुमची लाडकी लुचाई स्टीफन किंगच्या इंग्रजी कादंबरीवरून आहे. मग मी बाकीच्यांबद्दल शोधलं आणि मन उडालं. मग इतकी वर्षं मी काय वाचत होतो? मराठी भयकथा म्हणजे सगळी उसनवारीच का?

उत्तर : काका, मन उडू देऊ नका. लुचाई किंगच्या १९७५ सालच्या सालेम्स लॉटवरून आहे हे खरं. पण धारपांच्या आधीपासून आपल्याकडं ही वाट पडलेली होती. गो. ना. दातारांच्या कादंबऱ्या ज्यांनी आज्या-पणज्यांच्या काळात घराघरात रात्री जागवल्या, त्या रेनॉल्ड्स ह्या इंग्रज लेखकावरून. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यांचे धनंजय आणि छोटू वाचताना होम्स आणि वॉटसन आठवतातच. नाटकात तर आपण रूपांतराला मान देतो, ती फुलराणी शॉच्या नाटकावरून आहे हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणाचं मन उडालं का? मग कादंबरीलाच वेगळा न्याय कामून.

फरक एका गोष्टीत आहे आणि त्यावर मी ठाम आहे, मूळ लेखकाचं नाव पुस्तकावर छापलं पाहिजे. आधार कुणाचा हे वाचकाला पुतण्याकडून कळायला नको. आता नव्या आवृत्त्या निघतात, नवीन मुखपृष्ठं येतात, तेव्हा दोन ओळी घालायला काय हरकत आहे.

पण तुम्ही इतकी वर्षं काय वाचत होतात त्याचं उत्तर पुस्तकातच आहे. अमेरिकेतल्या छोट्या गावातली भीती उचलून मराठी गावात ठेवायची म्हणजे नावं बदलून भागत नाही. तिथं पाद्री क्रूस घेऊन उभा राहतो, इथं कोण उभं राहणार? तिथं शवपेटी, इथं तर आपण जाळतो. प्रत्येक पानावर असा एक सवाल येतो आणि धारपांनी तो सोडवलाय, देवघर, उंबरा, शेजारधर्म, चुलीजवळची कुजबुज असलं सगळं आपलं घालून सोडवलाय, तुम्ही घाबरलात ते ह्याला घाबरलात. त्यांचा समर्थ नावाचा नायक घ्या, शांत, विद्या असलेला, दिखावा नसलेला माणूस, अशा माणसावर मराठी वाचकाचा चटकन विश्वास बसतो. २०१८ मध्ये तुंबाड सिनेमा आला, त्यातल्या आजीचा धागा धारपांच्या गोष्टीतूनच आला. तो सिनेमा बघून कुणाला अमेरिका आठवली का?

एक करून बघा काका. लुचाई आणि सालेम्स लॉट एकामागून एक वाचा, इंग्रजी जड जात असेल तर पुतण्याला शेजारी बसवा, आणि धारपांनी जे जे बदललं त्यावर पेन्सिलीनं खूण करत जा. मग उसनवारी किती आणि स्वतःचं किती हे तुमचं तुम्हालाच दिसंल. आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा तुम्ही वाचल्या नसतील तर लगेच घ्या, तिथं तर भूत बहुतेक वेळा माणसाच्या आतच असतं.

सवाल : ताई, मी केज तालुक्यातली. मुलगी लातूरला हॉस्टेलवर आहे, नीटची तयारी करतीय. परवा घरी आली तेव्हा कळलं की रात्री मोबाईलवर अ‍ॅपमधल्या प्रेमकथा वाचतीय, एकेक भाग रोज येतो म्हणे. मी ओरडले. तिचे पप्पा म्हणायलेत मोबाईलच काढून घेऊ. मला कळंना काय करावं. ह्या गोष्टींनी पोरी बिघडतात का?

उत्तर : ताई, दिवसभर फिजिक्स-बायोलॉजी रेटून लेकीनं रात्री एक भाग वाचला तर तिला वाचू द्या. झोप मोडत असेल तर टायमाबद्दल बोला, गोष्टीबद्दल नको.

बिघडण्याचा सवाल जुनाच आहे. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या एकेकाळी घरात उशीखाली लपवून वाचायचे लोक. त्यांची श्यामा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली तर अश्लील म्हणून खटला झाला, हायकोर्टानं दोषी ठरवलं, आणि शेवटी १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं. त्याच काळात योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर ह्यांच्या कादंबऱ्या वाचनालयातून आणून बाया दुपारी वाचायच्या, तुमच्या आईनं किंवा सासूबाईंनीपण वाचल्या असतील, विचारून बघा एकदा. त्या बाया काही बिघडल्या नाहीत. घरात ज्याविषयी कुणी अक्षर बोलत नव्हतं ते त्यांना तिथं वाचायला मिळालं.

मला काळजी वेगळीच वाटते. ह्या अ‍ॅपवरच्या कितीतरी गोष्टींत हिरो पोरीचा पाठलाग करतो, हात धरतो, ती नाही म्हणते तरी ऐकत नाही, कुणाशी बोलली की चिडतो, आणि लेखक म्हणतो बघा किती प्रेम. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीनं हे रोज वाचलं तर तिला वाटू शकतं की चिडणारा म्हणजेच जीव लावणारा. ह्यावर बोलायला पाहिजे. पण मोबाईल काढून घेऊन नाही बोलता येत. तिला म्हणा, तू वाचतीस ती गोष्ट मलापण लावून दे. दोघी वाचा. मग स्वयंपाक करता करता विचारा, हा पोरगा तुझ्या मैत्रिणीशी असा वागला असता तर तू तिला काय सांगितलं असतंस? ती काय बोलते ते ऐका, मधे बोलू नका. आणि चांगली गोष्ट निघाली तर मला कळवा, नाव देते मी पुढच्या अंकात. पप्पांना सांगा, मोबाईल राहू द्या.

सवाल : ताई, मी जालन्याचा, वय २३. पहिली रहस्यकादंबरी लिहून काढलीय. मोंढ्यातल्या एका आडत्याचा खून होतो. खुनी त्याचा जुळा भाऊ असतो, जो शेवटच्या प्रकरणात येतो. आमच्या इन्स्पेक्टरला एक डायरी अचानक सापडते आणि सगळं कळतं. मित्र म्हणायलेत शेवट भारीय, पण मजा येत नाही. असं कसं?

उत्तर : भाऊ, मित्र खरं बोलायलेत. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज लेखकानं, जो पाद्रीपण होता, रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते. त्यात आहे, की खुनी गोष्टीच्या सुरुवातीलाच भेटलेला पाहिजे. जुळा भाऊ आणायचा तर वाचकाला आधीपासून तयार केलेलं पाहिजे. गुप्त वाट एकापेक्षा जास्त नको. आणि डिटेक्टिव्हला योगायोगानं मदत झाली असं चालणार नाही. तुझ्या कादंबरीनं ह्यातले तीन एकदम मोडले. नियम मोडता येतात, मोठ्यांनी मोडलेत, आगाथा ख्रिस्तींच्या १९२६ सालच्या एका कादंबरीवरून केवढा वाद झाला, फसवलं म्हणाले लोक, पण मागं जाऊन बघितलं तर प्रत्येक खूण पानावर होती. कोणती खूण ते मी सांगणार नाही, ज्यांनी वाचलं नाही त्यांचं नुकसान नको.

वाचकाला मजा कधी येते, तर उत्तर कळल्यावर तो मागची पानं उलटतो आणि म्हणतो, अरे हे तर समोरच होतं. तुझी डायरी समोर नव्हती. ती शेवटी आली. म्हणून डायरी काढून टाक. जुळा भाऊपण काढून टाक, त्याच्याशिवाय तुझा मोंढा लई चांगला आलाय असं तू पाठवलेल्या पानांवरून दिसतंय, हमालांची पहाटेची गडबड, काट्यावरची भांडणं, पट्टीवरचे आकडे, हे तू बघितलेलं आहे. खूण तिथूनच काढ.

सुचतंय ते सांगते, पटलं तर घे. बैलबाजारात, माळेगावच्या जत्रेत वगैरे, रुमालाखाली सौदा करतात ते तुला माहीत असंल. दोघं हातावर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही. तुझा आडत्या हौशी आहे, बैलजोड्या घेतो असं कर. दुसऱ्या प्रकरणात तो एका ओळखीच्या दलालाबरोबर असा सौदा करताना दाखव, दोन-तीन ओळी, भाव ठरतो, हसतात, चहा पितात, संपलं. पुढं खून झाल्यावर हा दलाल पोलिसांना सांगतो की मी त्या माणसाला फक्त तोंडओळखीनं ओळखतो, कधी व्यवहार केला नाही. आणि त्याच जबाबात सहज बोलून जातो, की बिचाऱ्याचं करंगळीजवळचं बोट वाकत नव्हतं. आता ते बोट बाहेरून बघून कळत नाही, हे तू आडत्याच्या बायकोच्या तोंडून आधीच सांगून ठेवलेलं असंल, लहानपणी दोरीत अडकून हिसका बसला होता, आत शिर तुटली, दिसायला काही नाही. मग ते कुणाला कळणार? ज्यानं रुमालाखाली तो हात धरलाय त्यालाच.

बायकोचं बोलणं तिसऱ्या प्रकरणात टाक, रडण्याच्या भरात, दुसऱ्याच कशावर तरी बोलता बोलता. जबाब पार पुढं, दहाव्या-अकराव्यात. मधे वाचक विसरला पाहिजे. इन्स्पेक्टरला लगेच कळू देऊ नको, त्याला घरी जेवताना बायकोचा हात दिसू दे किंवा काही दुसरं कर, ते तू ठरव. आणि दलालानं आडत्याला मारण्याचं कारण पैशाचं ठेवू नको नुसतं, मोंढ्यात पैशाची भांडणं रोज होतात, त्यावरून खून झाला असं वाचकाला पटायला जड जाईल.

दुसरा खर्डा झाला की पाठव. पहिली तीन प्रकरणं आणि तो जबाब, एवढंच पाठव, म्हणजे खूण लपली का नाही ते मला वाचून सांगता येईल.